तिघंही ओळखू आले पाहिजेत: चिखलातली पॅरिस–रुबे, जलरंगात

मागणी एका वाक्यात मावणारी होती. ३ ऑक्टोबर २०२१ च्या पॅरिस–रुबे सायकल शर्यतीत शेवटच्या दगडी पट्ट्यांवर एकत्र आलेले तिघे, फुल शीटवर, म्हणजे जलरंगाच्या पूर्ण आकाराच्या कागदावर, जलरंगात. "आणि तिघंही ओळखू आले पाहिजेत," हे काकांनी दारात चपला घालता घालता जोडलं. खरं काम त्या शेवटच्या वाक्यात होतं.

काका निवृत्त बँक अधिकारी. तरुणपणी मुंबई–पुणे सायकल शर्यतीत उतरलेले. बोरघाटात 'घाटाचा राजा' कोण ठरला, कुणी कुठल्या वळणावर दम टाकला, हे आजही तावातावाने सांगतात. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून पुण्यात घरी बसून युरोपातल्या शर्यती बघतात. एवढ्या शर्यतींतून त्यांनी हीच का निवडली, हे विचारावं लागलं नाही. त्या वर्षीची पॅरिस–रुबे ज्यांनी पाहिली ते ती विसरत नाहीत.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही शर्यत १८९६ पासूनची. नावात पॅरिस असलं तरी सुरू होते कोंपिएन्यला आणि संपते बेल्जियमच्या सीमेला लागून असलेल्या रुबे गावच्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकलींसाठीच्या गोल धावपट्टीवर. वाटेत उत्तर फ्रान्सच्या शेतांमधले जुने दगडी रस्ते लागतात. दगड म्हणजे गुळगुळीत फरशी नव्हे. वर आलेले, खचलेले, मध्ये बोटभर फटी असलेले चिरे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, उद्ध्वस्त झालेल्या या मुलखाला 'उत्तरेचा नरक' म्हटलं गेलं आणि ते नाव शर्यतीला चिकटलं ते चिकटलंच. एरवी शर्यत एप्रिलमध्ये होते. २०२१ ची कोविडमुळे ऑक्टोबरवर गेली आणि पावसात सापडली. २००२ नंतर पहिल्यांदाच ओली पॅरिस–रुबे. २५७.७ किलोमीटर, त्यात ३० दगडी पट्टे मिळून सुमारे ५५ किलोमीटर. जिंकला इटलीचा सोन्नी कोलब्रेल्ली, दुसरा बेल्जियमचा बावीस वर्षांचा फ्लोरियान व्हर्मेर्श, तिसरा नेदरलँड्सचा माथ्यू व्हॅन डर पूल. तिघांचीही ही पहिलीच पॅरिस–रुबे. आणि तिघंही डोक्यापासून बुटापर्यंत एकाच रंगाचे झालेले.

सायकल शर्यतीचं चित्र काढणाऱ्याची भिस्त जर्सीवर असते. घोळक्यात शंभर माणसं असली तरी चार ठिपके लाल, सहा निळे, एक पिवळा टाकला की बघणारा आपोआप शर्यत वाचतो. चेहरे काढावेच लागत नाहीत, हेल्मेट आणि गॉगलमध्ये ते दिसतातच कुठे? रुबेच्या चिखलाने नेमकी तीच सोय काढून घेतली. ओळख पटवायची, पण ओळखीची खूणच झाकलेली.

जागा ठरवताना

काकांना शर्यतीच्या वाटेवरचं आरेनबेरचं जंगल हवं होतं. "केवढं भारी दिसतं ते! सरळ रस्ता, दोन्हीकडे झाडं, मागे खाणीचा पूल." भारी दिसतं यात वाद नाही. शिवाय त्या रस्त्याला गोष्टही आहे. जाँ स्ताब्लिन्स्की हा १९६२ चा जगज्जेता सायकलपटू लहानपणी त्याच भागात खाणकामगार होता, आणि त्याच्याच सांगण्यावरून १९६८ मध्ये हा रस्ता शर्यतीत आला.

"पण काका, आरेनबेरमध्ये हे तिघं एकत्र नव्हते."

काका गप्प झाले, कारण हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. व्हर्मेर्श सुरुवातीपासून पुढे निसटलेल्या तुकडीत होता. व्हॅन डर पूल आणि कोलब्रेल्ली मागून आले. त्यात बराच वेळ इटलीचाच जानी मोस्कोन एकटा पुढे होता. त्याचं आधी पंक्चर झालं, मग तो ओल्या दगडांवर पडला, आणि शेवटी कार्फूर द लार्ब्रच्या पट्ट्यावर मागच्यांनी त्याला गाठलं. म्हणजे तिघांचं चित्र काढायचं तर ते कार्फूरनंतरच. तिथे झाडांची कमान नाही, पूल नाही. सपाट शेतं, बीटाची लागवड, आणि वर नुसतं आभाळ.

चित्रकार म्हणून मला ते सोयीचंच वाटलं. जंगलात उजेड वरून झिरपतो, सगळं करड्यात बुडतं. उघड्या माळावर आभाळाचा पांढुरका उजेड ओल्या दगडांवर सरळ पडतो आणि रस्ता अंगच्या उजेडाने चमकल्यासारखा दिसतो. तीन काळपट आकृत्यांना मागे असा उजळ रस्ता मिळाला की निम्मं काम होतं. घटनेशी इमान राखलं म्हणून चित्र बिघडतं असं नाही; इथे तर उलटंच झालं.

आधी फक्त सावल्या

रंगाला हात लावण्याआधी एकाच रंगात, सेपियाने, छोट्या आकाराचे अभ्यास केले. त्यात जर्सी नाही, चेहरा नाही, फक्त गडद आकार. प्रक्षेपण थांबवून थांबवून पेन्सिलीने केलेल्या भराभर रेखाटनांवरून ते उभे केले. कोणाही छायाचित्रकाराचा एकच फोटो समोर ठेवून चित्र काढायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. त्याचं कारण पुढे येईलच.

माणूस सायकलवर कसा बसतो, ही त्याच्या चालण्याइतकीच स्वतःची गोष्ट असते. व्हर्मेर्श तिघांत उंच. पाठ लांब, गुडघा वर आला की कोपराला टेकेल असं वाटतं. कोलब्रेल्ली ठेंगणा, आडवा, स्प्रिंटरच्या बांध्याचा. खांद्यांमध्ये मान रुतलेली. व्हॅन डर पूलचे खांदे रुंद आणि ताकद लावताना तो वरच्या अंगाने सायकल ओढतो. दगडांवर तिघंही हँडलबार घट्ट आवळत नाहीत; कोपरं वाकलेली, हात सैल, म्हणजे धक्के खांद्यापर्यंत पोचत नाहीत. हे नीट काढलं नाही तर चित्रातला रस्ता कितीही खडबडीत रंगवा, माणूस डांबरावरच चाललेला दिसतो.

काकांच्या ग्रुपमधल्या दोघांना एक अभ्यास लांबून दाखवला, नावं न सांगता. व्हॅन डर पूल लगेच ओळखला गेला. त्याच्या चाकाला चिकटलेला म्हणून कोलब्रेल्लीही कळला, कारण ती शर्यत तो तशीच, व्हॅन डर पूलचं चाक न सोडता चालवत होता. व्हर्मेर्शवर मात्र दोघांची दोन मतं. तेव्हा एकाने सुचवलं, "लाल रंग दिलात की कळेल." मला ते पटलं नाही. ओळख रंगावर सोपवली की चिखलाने ती पुन्हा खाल्ली असती. म्हणून व्हर्मेर्शला थोडा बाजूला, दोघांच्या रेषेतून बाहेर काढला, जेणेकरून त्याची लांब पाठ आभाळावर मोकळी दिसेल. पुढच्या अभ्यासात त्याच दोघांनी त्याला न अडखळता ओळखलं.

तीन जर्सी, तीन क्रम

आता मुख्य प्रश्न. जलरंग पारदर्शक असतो. त्यात गडदावर फिकं चढत नाही. उजेड हवा असेल तिथे कागद कोरा राखायचा आणि अंधार हळूहळू चढवायचा. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी हातातल्या दिव्याचा उजेड बोटांमधून झिरपताना दाखवलेलं ते मैसूरचं प्रसिद्ध चित्र जलरंगातलं आहे. तिथेही उजेड हा मुळात न झाकलेला कागद. हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण चिखल या नियमाला सरळ आडवा जातो, कारण चिखल कधी कापडापेक्षा गडद असतो, कधी फिका.

कोलब्रेल्लीच्या अंगावर युरोपियन विजेत्याची जर्सी होती, पांढऱ्यावर निळा आणि तारे. पांढऱ्यावर चिखल गडद. तेव्हा जर्सी आधी, चिखल नंतर, सरळ मामला.

व्हॅन डर पूलच्या संघाची जर्सी गडद निळी. तिच्यावर वाळत आलेला चिखल कापडापेक्षा फिका दिसतो. इथे जर्सी आधी रंगवली तर वर चिखल चढवायला पांढऱ्या अपारदर्शक रंगाशिवाय गत्यंतर नाही. म्हणून क्रम उलटा केला. आधी संपूर्ण धड पातळ यलो ऑकर आणि किंचित रॉ अंबरने रंगवलं, म्हणजे माणूस आधी पूर्ण चिखलाचा केला. तो थर खडखडीत वाळल्यावर निळा रंग चिखलाच्या डागांच्या कडेकडेने, फटींमधून भरला. दिसतं असं की निळ्या कापडावर चिखल उडालाय. झालंय असं की चिखलाच्या भोवती कापड रंगवलंय. वेळखाऊ काम आहे, आणि कड जरा जास्त रेखीव झाली की डाग कातरून चिकटवल्यासारखे दिसतात. काही कडा ओल्या ब्रशने मऊ कराव्या लागतात, काही तशाच कोरड्या सोडाव्या लागतात.

सगळ्यात अवघड व्हर्मेर्श. त्याच्या संघाचा लाल रंग आणि ओला चिखल यांची गडदपणाची पातळी जवळपास सारखी. ना चिखल उठून दिसतो, ना जर्सी. इथे रंगद्रव्यांचा स्वभाव कामाला आला. काही रंग कागदात मुरतात आणि पुसले जात नाहीत. थॅलो आणि क्विनॅक्रिडोन घराण्यातले रंग तसे. मातीचे रंग, ऑकर आणि अंबर, बरेचसे कागदाच्या वर बसून राहतात आणि ओल्या ब्रशने उचलता येतात. म्हणून खाली क्विनॅक्रिडोन लाल, भरपूर स्वच्छ आणि हवा त्याहून थोडा भडकच. तो पूर्ण वाळला की वर मातीचा थर. मग जिथे कापड ताणलं गेलंय, खांद्यावर आणि बाहीच्या घडीवर, तिथे ओलसर चपटा ब्रश टेकवायचा, टिपकागदाने टिपायचं. माती निघते, लाल राहतो. अगदी जणू कुणी जर्सीवरून बोट फिरवलंय. हे आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर करून पाहावं; एकाच नावाचा रंग वेगवेगळ्या कंपन्यांचा वेगळा वागतो, आणि कागदाचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप, मऊ असेल तर मातीचा रंगही चिवटपणे धरून बसतो.

पांढरं गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, घेऊन तिघांवरही फिका चिखल मारता आला असता का? आला असता, आणि अर्ध्या वेळात काम संपलं असतं. पण अपारदर्शक थर पारदर्शक थरांच्या शेजारी खडूसारखा मेलेला दिसतो. अगदी शेवटी चाकांपाशी उडालेले चार-दोन थेंब गुआशचे आहेत, त्याहून जास्त नाहीत.

चिखल स्वच्छ रंगात

जलरंगवाले 'रंगाचा चिखल झाला' म्हणतात तेव्हा कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: चार-पाच रंगद्रव्यं एकत्र घोटणं, अपारदर्शक रंगांवर अपारदर्शक रंग चढवणं, आणि अर्धवट ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या थरात, पुन्हा ब्रश घालणं. खराखुरा चिखल रंगवायला बसलं की या तिन्ही गोष्टी करायचा मोह होतो, कारण वाटतं, शेवटी तपकिरीच तर करायचंय. पण तसा केलेला तपकिरी रंग उजेड परत देत नाही. चित्रात तो चिखल ओला न दिसता नुसता मळका दिसतो.

म्हणून रंग मोजके ठेवले. आभाळासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, निळ्याकडे झुकलेले. रस्त्यासाठी तेच दोन, सिएनाकडे झुकलेले. माणसांवरच्या चिखलासाठी ऑकर आणि अंबर. आभाळ आणि रस्ता एकाच जोडीतून निघाले की ओल्या दगडांत आभाळ दिसतं हे वेगळं सांगावं लागत नाही. अल्ट्रामरीनचा कण जाड असतो, तो कागदाच्या खळग्यांत बसतो आणि दगडाचा पोत फुकटात मिळतो.

दगड एकेक काढायचे नाहीत. पुढचे काही नीट, मग रफ कागदावर ब्रश आडवा धरून कोरडा फटकारा, आणि लांब गेल्यावर नुसती आडवी चमक. रस्त्याची मधली कणा-रेषा मात्र चुकवून चालत नाही. हे रस्ते मध्ये फुगलेले आणि कडांना उतरते असतात. ओल्यात सगळे मधला उंचवटा धरून चालवतात, कारण कडेला पाणी आणि त्याखाली काय ते दिसत नाही. तिन्ही सायकली त्या उंचवट्याच्या अनुषंगाने मांडल्या तरच चित्र खरं वाटतं.

आणि चिखल कुठे नसतो, ते पाहणं जास्त उपयोगाचं. रेसिंग सायकलला मडगार्ड नसतं. पुढचं चाक चिखल नडगीवर आणि फ्रेमच्या खालच्या नळीवर मारतं. मागचं चाक स्वतःच्या मालकाच्या पाठीवर एक उभा पट्टा काढतं आणि उरलेला मागच्याच्या तोंडावर फेकतं. म्हणजे पुढे असलेल्याचा चेहरा त्यातल्या त्यात उजळ, चाकाला चिकटलेल्याचा सगळ्यात बरबटलेला. कोलब्रेल्लीचा चेहरा त्यामुळेच सगळ्यात गडद केला. कोपराच्या आतली घडी, हनुवटीखाली पट्ट्याची रेघ, आणि ज्याने धुकटलेला गॉगल काढून टाकलाय त्याच्या डोळ्यांभोवतीचा स्वच्छ भाग. या जागा कोऱ्या ठेवल्या की बाकीचा चिखल आपोआप चिखल होतो.

टूथब्रशने शिंतोडे उडवायची युक्ती सगळ्यांना आवडते आणि बहुतेक चित्रांची तीच माती करते. शिंतोड्यांना दिशा असते. चाकापासून सुरू होऊन ते मागे आणि वर जातात, चाकाजवळ जाड, लांब गेले की बारीक. वर्तमानपत्र कापून बाकी कागद झाकला आणि फक्त तेवढ्याच पट्ट्यात उडवलं. आभाळात एकही थेंब नाही.

चाकांच्या तारा काढल्या नाहीत. काका यावर नाराज होते. त्यांना रिमची खोली, गिअर, सगळं हवं होतं. सायकल ज्याने स्वतः खोलून बसवलीय त्याला ते हवंसं वाटणारच. पण तारा काढल्या की चाक थांबतं. लंबवर्तुळाची वरची कड तुटक, खालची रस्त्यात विरघळलेली, एवढ्यावर ते फिरतं.

जुलैत पुण्याच्या हवेने एक गोष्ट सक्तीची केली. कागद लवकर वाळत नाही, आणि वर ज्या तीन क्रमांचं सांगितलं ते तिन्ही 'पूर्ण वाळल्यावर' या अटीवर उभे आहेत. हेअर ड्रायरने वरचा थर वाळतो, आतला ओलाच राहतो, आणि पुढच्या ब्रशला खालचा रंग हलतो. संध्याकाळी थर द्यायचा, रात्रभर पंखा, सकाळी पुढचा. हाताच्या मागच्या बाजूने कागद गार लागला तर अजून ओल आहे, थांबायचं. आभाळ आणि रस्त्याच्या ओल्यात-ओल्या वॉशला मात्र हीच हवा फायद्याची ठरली. कडा मऊ करायला भरपूर वेळ मिळाला.

हक्कांचं

काकांना नंतर ग्रुपसाठी प्रिंट काढायच्या होत्या. तेव्हा दोन गोष्टी आधीच बोलून घेतल्या. पहिली, फोटोची. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली छायाचित्राला छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण असतं. एखाद्या वृत्तछायाचित्रकाराची चौकट जशीच्या तशी जलरंगात उतरवली की ती 'माझी' होत नाही, आणि प्रिंट विकायच्या म्हटल्या तर नाहीच नाही. शर्यतीतली घटना कुणाच्या मालकीची नसते, पण ती टिपणारी चौकट असते. म्हणूनच अनेक रेखाटनांवरून स्वतःची मांडणी.

दुसरी गोष्ट कित्येक चित्रकारांना ठाऊक नसते. याच कायद्यात, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं, आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या चित्राचा पहिला हक्कधारक सांगणारा असतो, काढणारा नव्हे. म्हणजे काही न लिहिता काम केलं असतं तर प्रिंट काढायला काकांना मला विचारायचीही गरज नव्हती, आणि मलाच प्रदर्शनाच्या कॅटलॉगात छापायला त्यांची परवानगी लागली असती. एका पानाचा कागद केला: हक्क माझ्याकडे, ग्रुपपुरत्या प्रिंट काकांना मोकळ्या. काका बँकेतले, त्यांनी तो दोनदा वाचून सही केली आणि एक प्रत स्वतःला मागून घेतली.

चित्र बघताना

काकांनी चित्र आधी लांबून पाहिलं, मग चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून. "पूल... सोन्नी... आणि हा लांबडा." ओळख पटली. तारा नसल्याबद्दल पुन्हा एकदा बोलले. मग म्हणाले, "मोस्कोन राहिला हो. एवढा वेळ एकटा पुढे होता बिचारा." त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते वेगळं चित्र आहे.

माझ्या मनात मात्र तिसरंच आहे. या शर्यतीच्या आदल्या दिवशी, २ ऑक्टोबरला, बायकांची पहिलीवहिली पॅरिस–रुबे झाली. ब्रिटनच्या लिझी डेग्ननने पहिल्या दगडी पट्ट्याच्या आधीच सगळ्यांना मागे टाकलं, ८० किलोमीटरहून जास्त अंतर एकटीने कापलं आणि जिंकली. हातमोजे नव्हते, शेवटी हँडलबारच्या टेपवर तिच्या हातांचं रक्त होतं. त्यात जर्सी नको, रस्ताही नको. क्वार्टर शीटवर फक्त दोन हात आणि हँडलबार पुरेल. ते काकांना सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, "पण ती ओळखू येईल का?"

चित्र त्यांच्या हॉलमध्ये लावलंय, पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर नव्हे, आतल्या कोरड्या भिंतीवर. काच आणि कागद यांच्यात माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, ठेवून फट राखलीय, कारण आपल्या दमट हवेत काचेला टेकलेल्या कागदावर बुरशीचे ठिपके यायला वेळ लागत नाही, आणि या चित्रात ते आले तर चिखलाच्या शिंतोड्यांतून वेगळे ओळखणं मलाही जमणार नाही.